घरी कोणी नाही

पगारे मॅडम कुकरच्या शिट्ट्या मोजत नाहीत. त्यांचं घर मोजतं. ओट्यावरच्या फळीवर एक लहानसं यंत्र बसवलेलं आहे, ते कान देऊन ऐकत असतं. तिसरी शिट्टी झाली की गॅसचा कॉक आपोआप फिरतो आणि हॉलमधल्या स्पीकरमधून खुद्द मॅडमच्याच आवाजात घोषणा होते, "अहो, वरण झालं." मॅडम त्या वेळी बहुधा त्याच स्पीकरच्या शेजारी बसलेल्या असतात.

आता यात मला काही म्हणायचं नव्हतं. ज्याच्या घरचं वरण त्याने कसंही शिजवावं. पण त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे आणि ती बिल्डरने हात आखडता घेऊन बांधलेली आहे. एके दिवशी दोन शिट्ट्या आमच्या आणि एक त्यांची असा हिशेब करून त्यांच्या घराने गॅस बंद केला. भाऊंना, म्हणजे मॅडमच्या मिस्टरांना, कच्ची डाळ खावी लागली. संध्याकाळी मॅडम आमच्या दारात उभ्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "तुमच्या कुकरची अट काय?"

"अट?"

"किती वाजता लावता, किती शिट्ट्या घेता. घराला सांगून ठेवते."

माझ्या बायकोने आयुष्यात कधी घड्याळ बघून कुकर लावलेला नाही. ती हबकून "दहाला" म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे वरण दहालाच होतं. पगारे मॅडमची यंत्रं त्यांच्या घरात चालतात आणि शेजारच्या माणसांना चालवतात, ते असं.

मॅडम सातपूरला आयटीआयमध्ये निदेशक होत्या, इलेक्ट्रिकलच्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वायरमन म्हणून वावरणारी अर्धी फौज त्यांच्या हाताखालून गेलेली आहे, आणि अजूनही भर बाजारात चांगला मिशीवाला बाप्या त्यांना बघून हातातली सिगारेट पाठीमागे लपवतो. वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. निवृत्त झाल्यावर ते त्यांनी घरी आणलं. "अट काय, कृती काय?" म्हणजे जगात जे काही घडतं ते या दोन खणांत बसलंच पाहिजे. ऊन मावळलं ही अट, गॅलरीतला दिवा लागला ही कृती. टाकी भरली ही अट, मोटर थांबली ही कृती. आमच्या भाचीला स्थळ बघायचं चाललं होतं तेव्हा मुलाकडच्यांचं "बघू, कळवू" ऐकून मॅडम म्हणाल्या होत्या, "'बघू' ही अट नाही आणि 'कळवू' ही कृती नाही. सोडा ते स्थळ."

फोनमधली एक सोय दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी घरातल्या एखाद्या तारेला जोडत बसणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. दाराला दुधाची पिशवी टांगलेली असते, तिला त्यांनी वजनाचा काटा जोडला. पिशवी जड झाली की दूधवाल्याच्या फोनवर आपोआप संदेश जाणार, "दूध मिळालं, धन्यवाद." एका पहाटे पेपरवाल्याने पेपर नेमका पिशवीत टाकला. दूधवाल्याला धन्यवाद पोचले. आपण बहुतेक दूध घालून आलो असं त्या बिचाऱ्याला वाटलं आणि तो पुढच्या गल्लीत गेला. कपड्यांच्या दोरीचंही तसंच. पावसाचे थेंब पडले की दोरी सरसर आत यायची. वरच्या मजल्यावरच्या देवरे वहिनी कुंड्यांना पाणी घालायला लागल्या की मॅडमचे कपडे भर उन्हाळ्यात घरात पळायचे.

भाऊ या सगळ्याला फार सरावले होते. "मी या घरात पाहुणा आहे, मालक बटणं आहेत," असं ते म्हणायचे. भाऊ सातपूरच्या एका फाउंड्रीत साचे बनवायचे. उभं आयुष्य वाळूच्या धुळीत गेलं आणि छाती निकामी झाली. आता ऑक्सिजनचं मशीन असतं, चाकांवरचं, लहान मुलाच्या उंचीचं. त्याची नळी नाकात घालून ते घरात हिंडतात. दिवसातून थोडा वेळ नळीशिवाय निघतो, त्यापलीकडे ओठ निळे पडायला लागतात.

बायकोला सगळी कॉलनी "मॅडम" म्हणते म्हणून तेही म्हणतात. दोघांचं गोळ्यांवरून युद्ध चाले. स्पीकर म्हणायचा, "अहो, गोळी." भाऊ बसल्या जागेवरून म्हणायचे, "घेतली." मशीन समाधानी. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी गोळ्यांच्या डबीचं झाकण जोडून घेतलं, झाकण उघडल्याशिवाय स्पीकर गप्प बसणार नाही. भाऊ झाकण उघडून लगेच लावू लागले. मग डबीखाली वजनाचा काटा आला. भाऊ गोळी काढून तिच्या जागी शेंगदाणा ठेवू लागले. ते शेवटी कोण जिंकलं मला माहीत नाही.

फक्त एका गोष्टीला मॅडमनी हात लावला नव्हता. बेडरूममध्ये कपाटाच्या बाजूला एक स्विचबोर्ड आहे, तो त्यांनी लाल ऑइलपेंटने रंगवलेला आहे. भाऊंचं मशीन त्याच्यावर चालतं. लाइट गेली तर तो आपोआप इन्व्हर्टरवर जातो. मला दाखवताना त्या म्हणाल्या होत्या, "बाकी सगळ्या घराला अटी आहेत. या बोर्डाला अट नाही. हा कधीच बंद होणार नाही."

एकदा मी गमतीने म्हणालो, "मॅडम, एवढा खटाटोप कशाला? दोरीवरचे कपडे आमची ही काढेल की. हाक मारायची."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "माणसाला काम सांगितलं, आहेरसाहेब, की त्याचं तोंड बघावं लागतं. मशीनला तोंड नसतं."

खरंच त्या कोणाला काही सांगत नसत. बिल्डिंगच्या फोनवरच्या ग्रुपमधून "सुप्रभातची फुलं फार येतात" म्हणून बाहेर पडलेल्या. खाली रामदास इस्त्रीवाल्याची गाडी आहे, त्याच्याकडचे कपडे बंद करून त्यांनी वाफेची इस्त्री आणलेली. रामदास त्यावरून मनातून दुखावलेला होता. मॅडम गेटमधून जाऊ लागल्या की तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

त्या दिवशी दुपारी मॅडम माझ्या दुकानात आल्या. सातपूरला माझं चष्म्याचं दुकान आहे. भाऊंचा नवा चष्मा तयार होता, तो न्यायला आल्या होत्या. मॅडम क्वचितच घराबाहेर पडतात. त्यातून बाहेर पडल्यावर सगळी कामं एका फेरीत उरकायची म्हणून त्यांनी आधी शेजारच्या मोबाइलवाल्याकडे एक काम केलं होतं, मग माझ्याकडे. मी चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवत होतो. त्या काउंटरवर बसून मला समजावत होत्या की आपण बाहेर पडल्यावर घराला ते कसं कळतं.

"घर माणसांना फोनवरून ओळखतं. माझा फोन गेला म्हणजे मी गेले. दोन्ही फोन गेले म्हणजे घरी कोणी नाही. मग घर तासभर वाट बघतं, न जाणो कोणी काही विसरून परत आलं तर. आणि मग पंखे, दिवे, गीझर, गॅस सगळं बंद. दाराला आतून दुसरी कडीसुद्धा बसते, ती दारावरचे आकडे दाबले तरच निघते."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि मला पडदा दाखवला. चेहऱ्यावर वर्गात पहिला आलेल्या मुलीचा आनंद होता.

"बघा. आलाच संदेश."

मी वाचलं. "घरी कोणी नाही. सर्व काही बंद केले आहे."

"वा," मी म्हणालो. आणि मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "मॅडम, पण भाऊ घरीच आहेत ना?"

त्या हसल्या. ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यांचा हात पर्समध्ये गेला. पर्समधून भाऊंचा फोन निघाला. त्याची काच फुटली होती, ती बदलून आणून भाऊंना चकित करायचं म्हणून मॅडम त्यांना न सांगता घेऊन आल्या होत्या. तेच शेजारच्या दुकानातलं काम. त्यांनी स्वतः नियम घातलेला, स्वतः दहा जणांना समजावून सांगितलेला, आणि स्वतःच नवऱ्याला पर्समध्ये घालून घराबाहेर पडल्या होत्या. त्या घराच्या लेखी भाऊ म्हणजे त्यांचा फोन.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, कोणास ठाऊक. "लाल बोर्डाला अट नाही. मशीन चालू असणार. फार तर पंखा बंद झाला असेल. फोन करून सांगते त्यांना." आणि त्यांनी सवयीने भाऊंचा नंबर लावला. त्यांच्याच हातातला दुसरा फोन वाजायला लागला.

मला हसू येणार होतं. त्यांचा चेहरा बघून ते आतच राहिलं.

त्यांनी घरातला कॅमेरा उघडायचा प्रयत्न केला. काहीच दिसेना. इंटरनेटचा डबा टीव्हीच्या बोर्डावर होता आणि टीव्हीचा बोर्ड बंद झाला होता. म्हणजे आता घराला काही सांगायची सोय राहिली नव्हती. घर गप्प होतं. बंद होण्याआधी कॅमेऱ्याने काढलेला शेवटचा फोटो मात्र फोनमध्ये उतरला होता. मॅडमनी तो बोटांनी मोठा केला.

भाऊ बेडरूममध्ये नव्हते. हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मशीन त्यांच्या शेजारी होतं. त्याची वायर टीव्हीच्या बोर्डाला लावलेली होती.

मॅडमनी फोन काउंटरवर ठेवला. "बंद पडलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं मशीन मी बंद केलं."

दुकानाचं शटर मी ओढलं की नाही मला आठवत नाही. नंतर कोणीतरी ओढलेलं सापडलं. मी स्कूटर काढली, मॅडम मागे बसल्या आणि आम्ही अंबड लिंक रोडला लागलो. आणि नेमकी ती पहिली पाळी सुटायची वेळ. ज्यांनी ती बघितली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सगळ्या कंपन्यांच्या फाटकांतून एकाच वेळी बस, मोटरसायकली, टेम्पो, डबा अडकवलेल्या सायकली, आणि प्रत्येकाला आधी घरी पोचायचं असतं. आम्ही एका निळ्या बसच्या मागे जे अडकलो ते अडकलोच. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. बसच्या मागच्या काचेतून एक कामगार माझ्याकडे बघून हात जोडत होता.

"कोणाला तरी फोन करा," मी ओरडलो. "बिल्डिंगमध्ये!"

आरशात त्या फोनवर नुसतं बोट फिरवताना दिसल्या.

"मॅडम, फोन!"

"माझ्याकडे कोणाचाच नंबर नाही."

त्या फोनमध्ये गीझरचा पत्ता होता, दोरीचा होता, टाकीचा होता, गोळ्यांच्या डबीचा होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा नव्हता. माझी बायको असती तर प्रश्नच नव्हता, पण ती नेमकी देवळ्याला साखरपुड्याला गेलेली. मी खिशातून माझा फोन काढून मागे दिला. "देवरे वहिनी म्हणून नाव आहे. लावा."

पलीकडून वहिनींचा आवाज आला, आणि त्यानंतर जे झालं ते मला फक्त कानांनी माहीत आहे. मॅडमनी फोनचा स्पीकर चालू केला होता.

"देवरे वहिनी, मी पगारे बोलतेय. रडायचं नाही, विचारायचं नाही. आमच्या दाराशी जा."

त्या आवाजाने वहिनी जिना उतरल्या असाव्यात. धपधप ऐकू आलं. "आले मॅडम. काय झालं?"

"दार वाजवा. भाऊ आवाज देतात का बघा."

दार वाजलं. परत वाजलं. "नाही हो मॅडम. आतून कसला तरी आवाज येतोय. काहीतरी घासल्यासारखा."

"ते जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या. अगदी सपाट आवाजात. "दारावर आकडे आहेत. मी सांगते ते दाबा."

आता त्या कुलपाचं असं, की त्याचा आकडा रोज सकाळी आपोआप बदलतो. रोजचा नवा आकडा मॅडमच्या फोनवर येतो. फार सुरक्षित म्हणून हे केलेलं. मॅडमनी आकडा सांगितला. वहिनींनी घाईत चुकवला. परत सांगितला, परत चुकला. वहिनींचा धीर सुटला आणि त्या सटाण्याकडच्या, त्यांच्या माहेरच्या बोलीवर आल्या. "माले काही दिसत नही वं माय! मना चष्मा वरच राही गया!"

आणि तिसरा आकडाही चुकला.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "तीन वेळा चुकलं की ते पाच मिनिटं उघडत नाही."

"कोणी ठरवलं हे?" मी संतापून ओरडलो. ठरवणारी मागेच बसली होती. मला त्या क्षणी त्या बाईचा मनस्वी राग आला होता आणि तेवढीच कीवही आली होती, आणि समोरची बस काही हलत नव्हती. मी स्कूटर फुटपाथवर चढवली. फर्निचरवाल्यांनी बाहेर मांडलेल्या दिवाणांमधून वाट काढत आम्ही पुढे सटकलो. एकाने शिवी घातली. ती रास्तच होती.

फोनमध्ये वहिनी जिन्यातून खाली हाका मारत होत्या, "रामदास! ओ रामदास! वर ये!" मग जड पावलं. मग एक पुरुषी आवाज.

"मॅडम, रामदास बोलतोय. दार तोडू का?"

"तोडा."

"लय भारी दार हाय मॅडम. नवं हाय."

"तोडा म्हटलं ना, रामदास! तोडा!" हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

धाड. परत धाड. रामदासने कशाने घाव घातले ते आम्हाला नंतर कळलं. त्याच्या हातात जे होतं तेच घेऊन तो वर धावला होता. कोळशाची इस्त्री. निखारे जिन्यात सांडले होते. चौथ्या की पाचव्या घावाला लाकूड फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींची किंकाळी.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं. "वहिनी. काय दिसतंय ते सांगा. क्रमाने."

"भाऊ खाली बसलेत. बेडरूमच्या दारात. मशीन धरलंय हाताने. ओठ निळे पडलेत हो मॅडम..."

भाऊंनी काय केलं होतं ते तेव्हा समजलं. हॉलमधली वीज गेल्यावर त्यांनी मशीन ढकलत बेडरूमकडे न्यायला सुरुवात केली होती. लाल बोर्डाकडे. श्वास नसलेला माणूस ते धूड किती ढकलणार. उंबऱ्याशी चाकं अडकली आणि ते तिथेच बसले. तोच तो घासण्याचा आवाज.

आणि मग मी वर्गातल्या पगारे मॅडम ऐकल्या. घाई नाही, आवाजात चढउतार नाही. "रामदास, मशीन उचला आणि उंबऱ्याच्या आत ठेवा. ठेवलं? कपाटाच्या डाव्या हाताला लाल बोर्ड आहे. दिसला? वायर त्याच्यात लावा. बटण खाली करा. मशीनच्या पुढच्या बाजूला हिरवं बटण आहे, ते दाबा. वहिनी, तुम्ही नळीची दोन टोकं त्यांच्या नाकात बसवा. त्यांना बोलू देऊ नका. पाठीला टेकू द्या."

मशीनची एक लांब शिट्टी ऐकू आली आणि मग घरघर सुरू झाली. ती घरघर भिंतीपलीकडून मी रोज ऐकतो आणि रोज वैतागतो. त्या दिवशी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे भर रस्त्यात मला ती ऐकून रडू आलं, हे सांगून टाकतो.

फोनमधून नुसती घरघर. मी स्कूटर चालवत होतो आणि मागे मॅडम श्वाससुद्धा घेत नव्हत्या. वहिनी मधेच म्हणाल्या, "डोळे उघडलेत." मग परत घरघर. मग बऱ्याच वेळाने एक बारीक, तुटका आवाज आला.

"मॅडम... तुमचं दार... गेलं."

माझ्या शर्टाची पाठ मॅडमनी मुठीत धरली होती, हे मला त्यांनी ती सोडल्यावर कळलं. "आता हळू चालवा, आहेरसाहेब," त्या म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा दाराची एक फळी लोंबत होती आणि जिन्यात राख पसरली होती. मॅडम चपलांसकट आत गेल्या, भाऊंच्या शेजारी जमिनीवर बसल्या, त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि आकडा वर चढेपर्यंत नजर हलवली नाही. मग भडकल्या. "हॉलमध्ये कशाला गेलात? मी सांगितलं होतं ना, लाल बोर्ड सोडायचा नाही!"

भाऊ थांबत थांबत म्हणाले, "बेडरूममधून रस्ता दिसत नाही. तुम्ही येताना... वळणावर दिसता का बघत होतो."

मॅडमनी त्यांच्या नाकातली नळी उगाच सारखी केली. देवरे वहिनी पदराने डोळे पुसत उभ्या होत्या. रामदास इस्त्री हातात धरून अवघडून दाराशी थांबला होता. मॅडमनी दोघांकडे बघितलं. शेवटी त्या रामदासला म्हणाल्या, "इस्त्री मोडली का?"

"इस्त्रीला काय होतंय मॅडम," तो म्हणाला. "तुमी भाऊंना बघा."

डॉक्टर येऊन गेले, भाऊ सावरले. दार मात्र सुताराच्या वायद्यांमुळे बरेच दिवस तसंच राहिलं, नुसतं लोटलेलं. त्या दारातून कोणीही आत यायचं. देवरे वहिनी भाजी घेऊन, रामदास "भाऊ कसं काय" म्हणून, माझी बायको वरणाची वाटी घेऊन. मॅडम प्रत्येक वेळी दचकून उठायच्या. माणूस दारातून आपणहून आत येतो याची त्यांना सवयच राहिली नव्हती. टीव्हीच्या बोर्डाच्या सगळ्या अटी त्यांनी काढून टाकल्या. पण घराबाहेर पाऊल टाकलं नाही, एकदाही नाही. भाजी फोनवरून, औषधं फोनवरून. मी एक-दोनदा म्हणालो, जरा फिरून या. त्या मानेनेच नाही म्हणायच्या.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. मॅडम आमच्या दारात उभ्या होत्या. चांगली साडी, हातात कापडी पिशवी, पायात चपला. मला वाटलं परत कुकरचं काही असेल.

"आहेरसाहेब," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे. "तुम्हाला काही काम नसेल... म्हणजे असेल तर राहू दे... मी जरा बाजारात जाऊन येते. तोपर्यंत भाऊंजवळ बसाल का?"

"बसतो की," मी म्हणालो. "त्यात काय?"

त्यांनी मान हलवली आणि लगेच वळून जिन्याकडे गेल्या. जणू मी शब्द फिरवीन अशी त्यांना धास्ती होती.

भाऊ पलंगावर बसले होते. नाकात नळी, मांडीवर पेपर. मी खुर्ची ओढली. म्हणालो, "मॅडमनी आज कमाल केली. एवढी वर्षं शेजारी राहतो, पहिल्यांदा काही काम सांगितलं."

भाऊंनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्यांना एक वाक्य बोलायला दोन श्वास लागतात, म्हणून मी वाट बघितली.

"माझा हा त्रास सुरू झाला ना, तेव्हा एकदा मला दवाखान्यात न्यायचं होतं. ही माझ्या भावाकडे गेली. त्याची गाडी आहे. घरात पाहुणे बसलेले. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, 'दर वेळी आम्हीच का?' ही तशीच परत आली, रिक्षा केली. मला काही बोलली नाही. त्यानंतर तिने कोणाला काही सांगितलं नाही. माझ्या भावाला नाही, स्वतःच्या भावाला नाही. त्याच महिन्यात ते पहिलं यंत्र घरात आलं."

मी खिडकीकडे बघितलं. मग आठवलं, इथून रस्ता दिसत नाही. मी म्हणालो, "गॅलरीत जाऊन बघू का, पोचल्या का वळणावर?"

"बघा."

मी गॅलरीत गेलो. मॅडम पिशवी घेऊन वळणापर्यंत पोचल्या होत्या. तिथे त्या थांबल्या आणि मागे वळून वर बघू लागल्या. मी हात हलवला, सगळं ठीक आहे म्हणून. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि मग त्या पुढे गेल्या.

परत येऊन मी भाऊंना सांगितलं. ते हसले, मग खोकले, मग दम घेतला.

"दोन दिवस ते वाक्य म्हणून बघत होती," ते म्हणाले. "स्वयंपाक करताना. आरशासमोर. 'भाऊंजवळ बसाल का, की बसता का? कसं बरं वाटेल हो?' मला विचारायची. मी म्हटलं, कसंही म्हणा, ते बसतील. तर आज साडी नेसून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, 'ते नाही म्हणाले, तर मी साडी बदलून तुमच्याजवळ बसेन. तुम्ही काही विचारू नका.'"